सुट्या भागांचें सख्य

पेटी उघडून आंत काय आहे तें पाहण्याची हौस मुलांना उपजतच असते. घड्याळ बंद पडलें म्हणजे वडील माणसांस वेळेची चिंता लागते. मुलांस मात्र आंतलीं चाकें पाहावयास मिळणार म्हणून आनंद होतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या धाकट्या बंधूंनीं आपल्या अकरा वर्षांच्या मुलासाठीं संगणक घ्यावयाचें ठरविलें, आणि तो तयार न घेतां सुटे भाग आणून मुलाच्या हातूनच जोडवावा असा बेत केला, तेव्हां ह्या हौसेचें पुन्हां दर्शन घडलें. खर्चाची मर्यादा तीस हजार रुपयांची होती. मध्यम स्थितींतील कुटुंबास ही रक्कम कांहीं थोडी नव्हे. यादी झाली, माल घरीं आला, आणि रविवारीं सकाळीं सर्व मंडळी जोडणीस बसली. पाहतों तों रॅमची पट्टी मदरबोर्डावरील खांचेंत बसेना! बोर्ड होता डीडीआर ४ जातीचा, आणि दुकानांतून पट्टी आली होती डीडीआर ५ जातीची. दोहोंची लांबी सारखी, दोहोंच्या कडेला संपर्कबिंदु २८८च; फरक एवढाच कीं, मधली चीर किंचित् बाजूस सरकलेली. मुलगा पट्टी जोरानें दाबूं लागला, तेव्हां बंधूंनीं त्याचा हात धरला. “काका, दोन्ही रॅमच आहेत ना? मग ही इथें कां बसत नाहीं?” असा त्यानें आम्हांस प्रश्न केला.

आम्ही इतिहासाचे अध्यापक. यंत्रशास्त्रांत आमची गति बेताचीच. परंतु उत्तर शोधतां शोधतां आमच्या ध्यानांत आलें कीं, नवल वाटावयाचें तें निराळ्याच गोष्टीचें. पांच-सहा कारखान्यांनीं, बहुधा एकमेकांचें तोंडहि न पाहतां केलेल्या वस्तु त्या दिवशीं आमच्या दिवाणखान्यांतील सतरंजीवर एकत्र आल्या, आणि एक पट्टी वगळतां त्या सर्व एकमेकींत बिनतक्रार बसल्या. हें सख्य आलें कोठून?

ह्या सख्याचा वंशवृक्ष संगणकाहून पुष्कळच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत प्रत्येक कारखान्याचा स्क्रू निराळा असे. एकाची चाकी दुसऱ्याच्या बोल्टावर चढत नसे. जोसेफ व्हिटवर्थ ह्या यंत्रज्ञानें निरनिराळ्या कारखान्यांतले स्क्रू मिळविले, त्यांचीं मापें घेतलीं, आणि त्यांचा मध्य काढून ५५ अंशांच्या कोनाच्या आट्यांचें एक माप १८४१ सालीं स्थापत्य-अभियंत्यांच्या संस्थेपुढें मांडलें. हा स्क्रू सर्वांत उत्तम आहे असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ नव्हता. सर्वांनीं एकच वापरावा हा होता. आगगाड्यांच्या कारखान्यांनीं तें माप उचललें, आणि एका गांवीं तुटलेला बोल्ट दुसऱ्या गांवीं मिळूं लागला.

घरगुती संगणकाच्या सृष्टींत हाच प्रसंग १९७५ सालीं आला. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतांतल्या आल्बुकर्क येथें एड रॉबर्ट्स ह्यांच्या एमआयटीएस नामक लहानशा कंपनीनें ‘आल्टेअर ८८००’ हा संगणक सुट्या भागांच्या स्वरूपांत विकावयास काढला. त्याची स्मृति अवघी २५६ बाइट. त्याला कळफलक नाहीं कीं पडदा नाहीं. समोरच्या खटक्यांनीं आज्ञा द्यावयाच्या आणि दिव्यांवरून उत्तर वाचावयाचें. परंतु त्यांतील पट्टे शंभर टोकांच्या जोडांत बसविण्याची सोय होती, आणि लवकरच दुसऱ्या लहान कंपन्या त्याच जोडांत बसणारे आपापले पट्टे विकूं लागल्या. वर्षअखेरीपर्यंत आयएमएसएआय कंपनीनें तर त्याच जोडांचा आख्खा संगणकच बाजारांत आणला. ह्या जोडास पुढें ‘एस-१००’ हें नांव पडलें. मात्र लिखित करार असा कांहीं नव्हता. रिकाम्या टोकांचा उपयोग जो तो आपल्या मताप्रमाणें करी, आणि पट्टा बसला तरी चालेलच ह्याची खात्री नसे. रीतसर प्रमाण ठरावयास १९८३ साल उजाडलें. तोंवर बाजार दुसरीकडे वळला होता.

तो वळविला आयबीएम ह्या बलाढ्य कंपनीनें. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं तिनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ प्रसिद्ध केला. तो लवकर तयार व्हावा म्हणून फ्लोरिडांतील बोका रेटन येथील मंडळींनीं घरचा आग्रह सोडून बाजारांतले भाग घेतले: प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि आंत नवे पट्टे बसविण्यासाठीं पांच मोकळ्या खांचा. इतकेंच नव्हे, तर विद्युत्-मंडलांच्या आकृत्या आणि ‘बायॉस’ नामक मूळ आज्ञावलि हीं सर्व छापून विकलीं. इतरांनीं पट्टे करावे ही इच्छा होती. आख्खा संगणक कोणी करूं नये ही त्याहून मोठी इच्छा होती, आणि तिचें कुलूप म्हणजे तें बायॉस. तें छापलेलें असल्यामुळें कोणी उतरून घेतलें तर चोरी तात्काळ सिद्ध झाली असती.

कुलूप उघडलें तें ह्यूस्टन येथील कॉम्पॅक कंपनीनें. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस व बिल मर्टो ह्या तिघांनीं ती १९८२ सालीं काढली. त्यांनीं कामाचे दोन भाग केले. एका बाजूच्या लोकांनीं आयबीएमचें बायॉस वाचून, तें काय काय करतें एवढेंच लिहून काढलें. दुसऱ्या बाजूस, ज्यांनीं मूळ आज्ञावलि पाहिलेलीच नव्हती अशा लोकांनीं, त्या वर्णनावरून नवी आज्ञावलि रचली. वर्तन तेंच, शब्द मात्र स्वतःचे! १९८३ सालच्या आरंभीं त्यांचा उचलून नेण्याजोगा संगणक बाजारांत आला. वजन २८ पौंड. तो ‘उचलण्याजोगा’ म्हणावयास दंड बळकट हवे होते. पण पहिल्याच वर्षीं कंपनीची विक्री सुमारें अकरा कोटि डॉलरांवर गेली. १९८४ पासून फीनिक्स कंपनी अशाच रीतीनें तयार केलेलें बायॉस मागेल त्यास विकूं लागली, आणि सुट्या भागांचे कारखाने जगभर निघण्याचा मार्ग मोकळा झाला.

सत्ताधीशानें गमावलेलें राज्य परत मिळविण्याचा यत्न करावा हेंहि इतिहासाला धरूनच आहे. एप्रिल १९८७ मध्यें आयबीएमनें ‘पीएस/२’ ही नवी मालिका काढली. तिच्यांतील खांचांची रचना गुणांनीं सरस होती. पण जुने पट्टे तिच्यांत बसत नसत, आणि ती रचना वापरणारांकडून परवान्याचें शुल्क मागण्यांत येई. तेव्हां १९८८ सालीं कॉम्पॅकसह नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि जुन्या पट्ट्यांनाहि जागा देणारी दुसरी रचना त्यांनीं जाहीर केली. पुढें ह्या दोन्ही रचना मागें पडल्या व १९९२ सालीं इंटेलनें पुढें आणलेली ‘पीसीआय’ रूढ झाली. तथापि ज्या ग्राहकानें आज एक भाग घेतला आहे, त्याला उद्यां सर्व कांहीं टाकून द्यावयास लावणारा पक्ष हरतो, हें त्या झगड्यांत दिसून आलें.

हिंदुस्थानांत ही लाट दोन वाटांनीं आली. १९८४ सालीं शाळांसाठीं ‘क्लास’ नांवाची सरकारी योजना सुरू झाली, तींत मुलांच्या हातीं इंग्लंडांतील एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला. दुसरी वाट व्यापाऱ्यांची. मुंबईंतील लॅमिंग्टन रस्त्यावर सुटे भाग मिळूं लागले, आणि ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला. १९९७ सालीं, आम्ही नुकतेच अध्यापक झालों असतां, आमचा पहिला संगणक असाच ओळखीच्या एका तरुणानें घरीं बसून जोडून दिला. त्या जातीच्या पेटींत वीज पुरविणाऱ्या तारांचे दोन वेगवेगळे जोड असत, आणि त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळून जाण्याचा संभव असे. “सर, काळ्याशेजारीं काळी, एवढें विसरूं नका,” असें त्यानें आम्हांस बजावलें होतें. वस्तुतः १९९५ सालींच इंटेलनें ‘एटीएक्स’ हें प्रमाण प्रसिद्ध केलें होतें. त्यांत दोन जोडांच्या जागीं वीस टोकांचा एकच जोड आला, आणि तो उलटा बसतच नाहीं. पण स्वस्त बाजारांत जुना माल कांहीं वर्षें चालूच राहिला, व त्याची जोखीम स्वस्त माल घेणारानें सोसली.

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. त्याला अडविणारी ती चीर ही त्या काळ्या तारांच्या नियमाचीच सुधारलेली आवृत्ति होय. डीडीआर ४ ला १·२ व्होल्ट दाब लागतो, डीडीआर ५ ला १·१. आंतील मांडणीहि निराळी. चीर नसती तर पट्टी बसली असती आणि कदाचित् बोर्डासह निकामी झाली असती. जाणत्या माणसाची सूचना ध्यानांत ठेवण्याऐवजीं ती वस्तूच्या आकारांत कोरून ठेवावी, ही फार दयाळू कल्पना आहे.

पण हें संरक्षण सर्वत्र नाहीं. बसणें निराळें आणि चालणें निराळें. २०१७ सालीं इंटेलनें आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले. त्यांची बैठक आधींच्या दोन पिढ्यांप्रमाणेंच ११५१ बिंदूंची, पण जुन्या बोर्डांवर ते चालत नसत. उलट एएमडीची ‘एएम४’ बैठक अनेक पिढ्या टिकली. मात्र जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालावयास बायॉस नवें करावें लागे. ज्या आज्ञावलीवरून १९८२ सालीं कुलुपाचा खेळ झाला, तिच्याशींच आजचा बाप अडखळतो!

म्हणून आमच्यासारख्या अडाण्यांनीं क्रम असा धरावा. मुलाला करावयाचें काय हें प्रथम ठरवावें. मग प्रोसेसर व बोर्ड एकत्र निवडावे, आणि बोर्ड करणाराच्या यादींत तो प्रोसेसर व बायॉसची कोणती आवृत्ति लागते हें पाहावें. रॅमची जात बोर्ड ठरवितो, दुकानदार नव्हे. चित्रशक्ति प्रोसेसरमध्येंच असली तर निराळें ग्राफिक्स कार्ड घ्यावें लागत नाहीं. पण इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाशेवटीं ‘एफ’ हें अक्षर असतें त्यांत ती नसते. काटकसर करावयाची ती पॉवर सप्लायमध्यें करूं नये. तो बिघडला म्हणजे शेजाऱ्यांनाहि घेऊन जातो.

एवढी यातायात कशाला, बंद पेटीचा तयार संगणक घ्यावा, असें म्हणणारांचा पक्ष आम्ही तुच्छ मानीत नाहीं. तो हलका असतो, जागा थोडी घेतो, आणि ज्या आईबापांस वेळ नाहीं त्यांची चिंता वांचवितो. केंब्रिजच्या मंडळींनीं २०१२ सालीं ३५ डॉलरांस विकावयास काढलेल्या ‘रास्पबेरी पाय’मध्यें स्मृति व प्रोसेसर जडवलेलेच आहेत, तरी त्याच्या उघड्या टोकांना तारा जोडून मुलें पुष्कळ शिकलीं. पण ज्या घरांत पैसा एकदम येत नाहीं, त्या घरास सुट्या भागांची रीत एक सवड देते: आज आठ जीबी, पुढल्या दिवाळीस आणखी आठ, मोडेल तेवढेंच बदलावयाचें. स्मृति बोर्डावर कायमची जडविण्याची चाल वाढत आहे, तीमुळें ही सवड हळूहळू आटते आहे. ती कोणा एका कंपनीनें आपखुशीनें दिलेली नव्हती. चाळीस वर्षांच्या भांडणांतून आणि करारांतून ती मिळाली. घेणारांनीं ती वापरली नाहीं, तर ती राखावयास दुसरें कोण येणार?

सोमवारीं पट्टी बदलून मिळाली. मुलानें चीर जुळवून पाहिली, दोन्ही अंगठ्यांनीं सारखा दाब दिला, आणि कडेची कळ खट्कन् लागली. पडदा उजळल्यावर घरांतील सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. तो मात्र पेटीचें झांकण लावूं देईना. आंतला पंखा फिरतांना पाहावयाचा आहे म्हणाला. बंधूंनीं तें दोन दिवस उघडेंच राहूं दिलें, आणि आमच्या मतें त्यांनीं योग्य तेंच केलें.