स्वतःचा आहार स्वतः आखताना : कमी प्रक्रियेचे अन्न, घरचे ताट आणि काही सावधगिरी

साधारण दोन वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. सात वर्षांचा मधुमेह, एचबीए१सी ८.६, वजन हळूहळू वाढत चाललेले. "डॉक्टर, आम्ही बाहेरचं काही खातच नाही," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. मी त्यांना एक काम दिले. तीन दिवस तोंडात जाईल ते सगळे लिहायचे आणि रिकामी पाकिटे फेकून न देता घेऊन यायची.

पिशवीतून निघाली डायजेस्टिव्ह बिस्किटे, 'मधुमेहींसाठी' म्हणून विकली जाणारी दुधात घालायची पावडर, खोक्यातला फळांचा रस, मल्टिग्रेन ब्रेड, झटपट सूप आणि मसाला ओट्सची पाकिटे. बाई खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या दृष्टीने हे बाहेरचे नव्हतेच, कारण ते घरातल्या फडताळात होते. मलाही थोडी लाज वाटली. ओट्स, ब्राऊन ब्रेड आणि 'हाय फायबर' बिस्किटे या तीन गोष्टी एकेकाळी मी रुग्णांना देत असलेल्या छापील आहारतक्त्यात होत्या.

प्रक्रिया म्हणजे नक्की काय?

प्रक्रिया हा शब्द वाईट नाही. ज्वारी दळणे, दूध तापवणे, मटकीला मोड आणणे, दही लावणे या सगळ्या प्रक्रियाच आहेत. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोन्तेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाची जी 'नोवा' वर्गवारी मांडली, तिच्यात चार गट आहेत. पहिल्या गटात धान्य, डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे हे जसेच्या तसे किंवा फक्त दळून, वाळवून, गोठवून मिळणारे अन्न येते. दुसऱ्यात तेल, तूप, मीठ, साखर, गूळ हे स्वयंपाकात घालायचे जिन्नस. तिसऱ्यात मीठ, साखर किंवा तेल घालून टिकवलेले साधे पदार्थ, उदाहरणार्थ लोणचे, पनीर, खारवलेली मासळी. चौथा गट अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा. हे पदार्थ कारखान्यात स्टार्च, पामतेल, साखरेचे पाक, वेगळी काढलेली प्रथिने, रंग, वास आणि इमल्सिफायर एकत्र करून बनवलेले असतात. आपल्या स्वयंपाकघरात ते घडवता येणार नाहीत, कारण त्यातले अर्धे जिन्नस वाण्याकडे मिळतच नाहीत.

हा फरक महत्त्वाचा का, ते २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी केलेल्या प्रयोगातून दिसले. वीस प्रौढांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे जेवण दिले. समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ दोन्ही वेळा जवळपास सारखे होते. किती खायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. अतिप्रक्रियायुक्त जेवणाच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या जेवणावर ते साधारण तेवढेच उतरले. माणसे वीस आणि काळ थोडा, ही या प्रयोगाची मर्यादा आहे. पण प्रत्येक घास मोजलेला होता, आणि मला त्यातली एक गोष्ट फार कामाची वाटते : मऊ, पटकन गिळता येणारे अन्न माणूस भराभर खातो आणि पोट भरल्याची जाणीव व्हायच्या आत जास्त खाऊन बसतो. भाकरी चावावी लागते. बिस्किट चहात बुडवले की संपले.

पाकीट उलटे करून वाचा

पुढच्या बाजूला गव्हाची कणसे, हृदयाचे चित्र आणि 'मल्टिग्रेन' असे मोठे अक्षर असते. ते सोडून द्या. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते आणि भारतातील नियमांनुसार ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. म्हणजे जे सर्वात जास्त, ते पहिले. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' पहिले असेल तर तो मैदा आहे, पुढे पाच धान्यांची नावे असली तरी. माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज ही साखरेची किंवा साखरेसारखीच वागणारी नावे आहेत. या जोडप्याच्या 'मधुमेहींसाठी'च्या पावडरीत माल्टोडेक्स्ट्रिन दुसऱ्या क्रमांकावर होते.

पाकीट दिसले की घाबरायचे, असेही नाही. पाकिटातला पोहा, गोठवलेले मटार, फक्त दूध आणि विरजण लिहिलेले दही, साधे न मसालवलेले ओट्स हे सगळे चालते. दोन गोष्टी तर प्रक्रिया केलेल्याच हव्यात. एक, पाश्चराइज केलेले किंवा नीट उकळलेले दूध. दुसरी, आयोडीनयुक्त मीठ. 'नैसर्गिक' म्हणून सैंधव किंवा गुलाबी मिठावर गेलेली बरीच घरे मी पाहतो. त्यात पुरेसे आयोडीन नसते. घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असेल तर हा बदल मुळीच करू नका.

ताट कसे आखायचे?

इंटरनेटवरून उतरवलेला तक्ता घेऊन सुरुवात केली तर तो पंधरा दिवस टिकतो. किनवा, केल आणि ॲव्होकॅडो यांत वाईट काही नाही, पण आपल्या तालुक्याच्या बाजारात जे शनिवारी मिळत नाही ते रविवारी ताटात कुठून येणार? आपल्या घरात आज काय शिजते तिथून सुरुवात करा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या दिवसासाठी ढोबळ प्रमाण असे आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही वजने कच्च्या अन्नाची आहेत. आता आपले ताट त्याशेजारी ठेवा. बहुतेक मराठी घरांत धान्य यापेक्षा बरेच जास्त, भाजी निम्मी आणि डाळ फारच कमी निघते. वाटीभर पातळ वरणात जेमतेम १०-१५ ग्रॅम डाळ असते, म्हणजे साधारण तीन ग्रॅम प्रथिने. त्यावर "आम्ही रोज डाळ खातो" असे समाधान मानले जाते.

प्रौढ निरोगी माणसाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. शाकाहारी घरात ती कशी भरतात, बघा. ज्वारीच्या तीन मध्यम भाकऱ्या (दीडशे ग्रॅम पीठ) पंधरा ग्रॅम देतात, मूठभर तांदळाचा भात चार, घट्ट आमटी साडेसहा, मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ सात, ३०० मिली दूध-दही मिळून नऊ-दहा आणि वीस ग्रॅम शेंगदाणे पाच. इथे सत्तेचाळीस झाले, उरलेले भाज्यांतून येतात. एकही पावडर नाही. अंडे खात असाल तर एका अंड्यात सहा ग्रॅम. कोकणातल्या माणसाने बांगडा किंवा तारली घ्यावी. महागड्या सुरमईहून या मासळीत ओमेगा-३ कमी नसते, आणि तारली काट्यांसकट खाता आली तर कॅल्शियमही मिळते.

माझा सल्ला एवढाच की रोज वेगळे धान्य नको, पण ऋतूप्रमाणे बदला. हिवाळ्यात बाजरी, एरवी ज्वारी, आठवड्यातून दोनदा नाचणी. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पीठ चाळणीने अगदी बारीक चाळून कोंडा फेकू नका. पालेभाज्यांत पालक-मेथीच्या पुढे जा. माठ, शेपू, अंबाडी, चुका, शेवग्याचा पाला स्वस्त आहेत आणि चांगले आहेत. भाजी-उसळीवर लिंबू पिळले की लोह जास्त शोषले जाते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर नेमके उलट होते, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या. चटणी ही तर आपल्याकडची विसरलेली सोय आहे. जवस, कारळे, तीळ, शेंगदाणे कुटून ठेवले की दाणे-तेलबियांचा कोटा निमूटपणे भरतो, फक्त मीठ बेताने घाला.

तेल आणि मीठ यांचा हिशेब रोजच्या चमच्याने लागत नाही, महिन्याच्या किराणा यादीने लागतो. माणशी दिवसाला २७ ग्रॅम म्हणजे चार जणांच्या घराला महिन्याकाठी साधारण साडेतीन लिटर तेल, तेही तूप-लोणी धरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चौघांना महिन्याला सहाशे ग्रॅम, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाणातलेही आले. दवाखान्यात हे आकडे सांगितले की नवरा-बायको एकमेकांकडे बघतात.

'घरचे' आणि 'नैसर्गिक' यांचा सापळा

घरची चकली अतिप्रक्रियायुक्त नाही, पण ती तळलेलीच आहे. गूळ आणि मध रक्तातली साखर वाढवण्यात साखरेच्या फारसे मागे नाहीत. मधुमेहींनी गुळाच्या चहाला औषध समजू नये. फळ चावून खा, रस काढलात की तंतू चोथ्याबरोबर गेले. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उपवास करायचाच तर वरीची भगर, राजगिरा, दही, शेंगदाण्याची आमटी यांवर करा, आणि भगरीचे जुने पीठ आणण्याऐवजी अख्खी भगर निवडून, धुऊन वापरा.

वेळ नाही, ही तक्रार खरी आहे. बहुतेक घरांत ती एकाच व्यक्तीची असते आणि ती व्यक्ती स्वतः नोकरी करून येते. रुग्णाचा आहार बदलायचा म्हणजे तिने आणखी एक भाजी निवडायची, असा अर्थ होणार असेल तर तो बदल टिकत नाही. म्हणून मी रुग्णालाच कामे वाटून देतो : रविवारी दोन प्रकारची कडधान्ये भिजवणे, मोड आणून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवणे, दाणे भाजणे, पालेभाजी निवडणे. मधुमेह ज्याचा, निदान भिजवण तरी त्याचे.

हे वाचल्याशिवाय बदल करू नका

वर सांगितलेल्या गृहस्थांनी घरी जाऊन सगळे एकदम बदलले. बिस्किटे, ब्रेड, रस बंद. उत्साहात रात्रीचे जेवणही फक्त भाजी आणि ताकावर आणले. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र तीच, तेवढीच. नवव्या दिवशी पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. पत्नीने ग्लुकोमीटर लावला तर साखर ५२. ते शुद्धीवर होते आणि गिळू शकत होते, म्हणून त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून पुन्हा दिली, मग काही खायला घातले आणि मला फोन केला. अगदी बरोबर केले. माणूस बेशुद्ध असता तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे लागले असते. चूक माझी होती. आहार बदला असे सांगताना गोळी कमी करावी लागेल हे मी त्याच भेटीत सांगायला हवे होते.

म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटा. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोम घेत असाल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका. तिच्यातल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळी, फळे, शहाळ्याचे पाणी यांचे प्रमाण पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहूनच ठरते. अशा रुग्णांनी 'लो सोडियम' मीठही विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी औषधे घेणाऱ्यांनाही हेच लागू. पूर्ण शाकाहारी माणसाने, विशेषतः मेटफॉर्मिन चालू असताना, बी-१२ तपासून घ्यावे. ते भाकरी-भाजीतून मिळत नाही.

त्या गृहस्थांची गोळी निम्मी केली, रात्री एक भाकरी परत आणली. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.२ आला, वजन चार किलोने उतरले. रविवारची मिसळ त्यांनी सोडलेली नाही. मटकी जास्त, फरसाण चमचाभर आणि पाव एक, एवढ्यावर आमची तडजोड झाली आहे. तुम्ही तपासणीला याल तेव्हा तीन दिवसांची खाण्याची नोंद, रिकामी पाकिटे, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि शक्य झाल्यास मागच्या महिन्याची किराणा यादी सोबत आणा.