पांझरेचे फड

इ. स. २०२२ मध्यें जगाची लोकसंख्या आठशें कोटींवर गेली. इतक्या मुखांस अन्न पुरवावयाचें आणि जमीन तर वाढावयाची नाहीं! या प्रश्नाचें एक लहानसें, पण कसास उतरलेलें उत्तर खानदेशांत पांझरेच्या कांठीं सांपडतें.

पिंपळनेर, धुळें करीत मुडावद येथें तापीस मिळणाऱ्या या नदीवर दगडी बंधारे आहेत. मोसम व आरम यांवरही आहेत. त्यांतील पुष्कळ १८१८ मध्यें इंग्रजी अंमल येण्यापूर्वींचे आहेत. अडविलेलें पाणी कालव्यांतून चाऱ्यांत व तेथून शेतांत केवळ उताराच्या बळावर जाई. मोटेचीही गरज नसे.

पण खरें कौशल्य दगडांपेक्षां वांटणींत होतें. भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा तीन-चार भाग पाडीत, त्यांस फड म्हणत. एका फडांत एका सालीं एकच पीक: कोठें ऊंस, कोठें भात, कोठें ज्वारी वा गहूं, पुढील सालीं अदलाबदल. शेतकऱ्याची जमीन सहसा प्रत्येक फडांत थोडी थोडी असे. त्यामुळें उंसाचा नफा एकट्याच्या पदरीं पडत नसे, आणि टंचाईंत एखादा फड कोरडा ठेविला तर झळ सर्वांस लागे. फेरपालटीनें जमिनीचा कसही टिके. पाणी सोडण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, देखरेखीस हवालदार. त्यांचें वेतन शेतकरी धान्यरूपानें देत. स्पेनांतील व्हॅलेन्सियाचें पाणी-न्यायालय दर गुरुवारीं प्रार्थनामंदिराच्या दारांत भरतें. २००९ मध्यें युनेस्कोनें त्याचा गौरव केला. आमच्या जागल्यास मात्र कोणी विचारिलें नाहीं!

पुढें विहिरींवर पंप बसले, वरच्या अंगास धरणें झालीं, बंधारे गाळानें भरले. ज्याची स्वतःची विहीर, तो शेजाऱ्यांच्या फेरपालटींत कशास बांधून राहील? कांहीं फड टिकले, पुष्कळ मोडले. पूर्वेस रावेर-यावलकडे केळीनें भरभराट आणली, ठिबक सिंचनानें पाण्याची बचतही झाली. तरी विहिरींचें पाणी खोल खोल जात राहिलें. विहिरी वेगळाल्या असल्या तरी खालचें पाणी एकच!

२००५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें पाणीवापर संस्थांस पाणी मोजून देण्याची व्यवस्था केली, आणि पीक निवडण्याची मोकळीकही दिली. फडांत नेमकी हीच मोकळीक सोडावी लागे.