परांचीवरची शिडी : भंडारा जिल्ह्यातील बांधकाम-सुरक्षेच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा

प्रस्तावना

पवनी येथील जगन्नाथ टेकडीच्या १९६९-७० च्या उत्खननाने भंडारा जिल्ह्याचा प्राचीन स्थापत्येतिहास उजेडात आणला. स्तूपाच्या विटा, कोरीव दगड आणि शिलालेख आज अभ्यासकांपुढे आहेत. परंतु त्या विटा ज्या शिडीवरून वर नेल्या गेल्या, तिचा कोणताही अवशेष हाती लागणे शक्य नव्हते. वास्तू पूर्ण होताच परांची सोडली जाते, बल्ल्या दुसऱ्या कामावर जातात, शिडी मोडली की जळणात जाते. स्थापत्याचा इतिहास अशा रीतीने पूर्णत्वाला गेलेल्या वस्तूंचा इतिहास ठरतो. ज्या तात्पुरत्या साधनांवर माणसांनी जीव टांगला, ती साधने त्यातून निसटतात.

प्रस्तुत निबंधात भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात बांधकामावरील शिडी व तात्पुरता जिना या साधनांकडे कायद्याने केव्हा आणि कसे पाहिले, याचा विचार केला आहे. लेखकाचे प्रतिपादन असे की, एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, शिडीवर चढणाऱ्या माणसाची सुरक्षितता ती शिडी किती उंच आहे यावर नव्हे, तर ती कोठे उभी आहे यावर अवलंबून राहिली.

खाणीतील शिडी

तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीज खाणींमुळे भंडारा जिल्हा विसाव्या शतकाच्या प्रारंभीच औद्योगिक नकाशावर आला. एल. ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय मँगनीजविषयक बृहद्ग्रंथाने मध्यप्रांतातील या पट्ट्याचे महत्त्व जगापुढे मांडले. याच सुमारास खाणकामाला कायद्याची चौकटही लाभली होती. पहिला खाण कायदा १९०१ चा. त्यानुसार १९०२ मध्ये कलकत्त्यास खाण-निरीक्षणाचे कार्यालय स्थापन झाले व पुढे ते धनबादला हलले. १९२३ व १९५२ च्या कायद्यांनी ही चौकट अधिक घट्ट केली, आणि १९६१ च्या धातुखाण विनियमांत तर शिडीच्या मार्गाविषयी स्वतंत्र तरतुदी आल्या. शिडी भक्कम बांधलेली असावी, ती अगदी सरळ उभी नसावी, ठराविक अंतरावर विसाव्यासाठी मजबूत फलाट असावा, शिडीचे वरचे टोक फलाटाच्या वर निघालेले असावे, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

नियम होता म्हणून प्रत्येक शिडी सुरक्षित होती, असा निष्कर्ष येथे अभिप्रेत नाही. परंतु खाणीतील शिडीला एक जबाबदार व्यवस्थापक होता, तिची तपासणी करू शकणारा निरीक्षक होता आणि अपघाताची सूचना देण्याचे बंधन होते. शिडीला कोणीतरी 'मालक' होता, हे महत्त्वाचे.

कारखान्यातील जिना

दुसरे उदाहरण कारखान्याचे. कारखानेविषयक पहिला कायदा १८८१ चा असला, तरी आजच्या पिढीला परिचित असलेला कायदा १९४८ चा होय. त्याच्या कलम ३२ मध्ये जमीन, पायऱ्या, जिने व येण्याजाण्याचे मार्ग भक्कम बांधणीचे असावेत, त्यांची देखभाल व्हावी आणि आवश्यक तेथे मजबूत कठडे असावेत, असे स्पष्ट बंधन घालण्यात आले. स्वातंत्र्योत्तर काळात जवाहरनगर, वरठी, गडेगाव या परिसरांत कारखानदारी वाढत गेली, तसतसा हा कठडा जिल्ह्यातील कामगाराच्या नित्याच्या परिचयाचा झाला.

मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर, भंडारा शहरात किंवा साकोली-लाखनीच्या बाजारपेठेत दुमजली इमारतीवर चढणाऱ्या मजुराला हे कलम लागू नव्हते. त्याची शिडी दोन बल्ल्यांना आडवे दांडे ठोकून जागेवरच तयार केली जात असे. आणि ती कोणी तपासावी याविषयी कायदा मौन बाळगून होता.

बांधकामावरील शिडी : दीर्घ मौनाचा काळ

बांधकाम मजूर कायद्याच्या दृष्टीस अगदीच पडला नव्हता, असे नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत बांधकामाचा समावेश होता. परंतु तेथे निकष होता तो इमारतीचा. एकाहून अधिक मजल्यांची, अथवा जमिनीपासून छपराच्या शिखरापर्यंत वीस फूट वा त्याहून उंच इमारत असेल तर संरक्षण. त्याखालील एकमजली घरावरून पडणाऱ्याला या नोंदीचा आधार नव्हता. शिवाय हा कायदा भरपाईचा होता, प्रतिबंधाचा नव्हता. माणूस पडल्यानंतर तो बोलू लागे.

१९३७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने इमारत-बांधकामाच्या सुरक्षेविषयी क्रमांक ६२ चा करार संमत केला. भारतात मानक संस्थेने १९६६ पासून परांची व शिड्यांची सुरक्षा-संहिता (भा. मा. ३६९६) प्रसिद्ध केली; तिची सुधारित रूपे परांचीसाठी १९८७ मध्ये आणि शिड्यांसाठी १९९१ मध्ये आली. १९७० च्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही बांधकामकालीन सुरक्षेला स्थान दिले. म्हणजे शिडी कशी उभारावी हे ज्ञान देशात उपलब्ध होते. अभाव होता तो ते बंधनकारक करणाऱ्या यंत्रणेचा. मानक हे निविदेत उल्लेखिले तरच ठेकेदारावर येई, आणि लहान कामांत निविदाच नसे.

१८ सप्टेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामाविषयीच्या खटल्यात निर्णय देताना, बांधकाम हा धोकादायक व्यवसाय असून चौदा वर्षांखालील मुलांना तेथे कामावर ठेवता येणार नाही, असे घटनेच्या अनुच्छेद २४ च्या आधारे स्पष्ट केले. धोका मान्य झाला; धोक्याचे नियमन मात्र व्हावयाचे होते. १९८५ पासून न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय अभियान समितीने बांधकाम मजुरांसाठी केंद्रीय कायद्याची मागणी लावून धरली.

गोसीखुर्द आणि १९८८ हे वर्ष

जिल्ह्याच्या इतिहासात १९८८ या वर्षाला विशेष अर्थ आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. सुमारे ११ किलोमीटर लांबीचे धरण आणि ३३ दरवाजांचा सांडवा अशी ही रचना आहे. त्याच वर्षी जून महिन्यात जिनेव्हा येथे बांधकामातील सुरक्षा व आरोग्याविषयीचा क्रमांक १६७ चा करार संमत झाला, आणि वर्षअखेरीस बांधकाम कामगारांविषयीचे विधेयक संसदेत मांडले गेले.

यापुढील कालक्रम बोलका आहे. केंद्रीय कायदा १९९६ मध्ये झाला. शिडी, परांची, जाळी यांविषयी स्वतंत्र प्रकरणे असलेले केंद्रीय नियम १९९८ चे. परंतु राज्य शासनाच्या अखत्यारीतील कामांसाठी राज्याचे नियम आवश्यक होते, आणि महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले. कामगार कल्याणकारी मंडळाची स्थापना २०११ ची. पायाभरणीपासून राज्याच्या नियमांपर्यंत एकोणीस वर्षे गेली. या काळात जिल्ह्यातील सर्वात मोठे बांधकाम चालू होते. तेथील परांचीची जबाबदारी निविदेतील अटी आणि अभियंत्याची सदसद्विवेकबुद्धी यांवर होती, शिडीविषयी स्वतंत्र वैधानिक नियमावलीवर नव्हती.

नियमातील शिडी आणि डोक्यावरचे घमेले

सुरक्षित शिडीचे तंत्र तसे साधे आहे. पाया सपाट व घट्ट असावा; विटांचे तुकडे खाली सारून उंची साधू नये. भिंतीशी चाराला एक असे प्रमाण ठेवावे, म्हणजे चार मीटर उंचीला पाया भिंतीपासून एक मीटर दूर. वरचे टोक पोहोचण्याच्या जागेपेक्षा सुमारे एक मीटर वर असावे आणि ते बांधलेले असावे. दोन शिड्या तारेने जोडून एक करू नये. चढताना दोन्ही हात मोकळे असावेत.

या शेवटच्या अटीपाशी आपल्याकडील बांधकामाचे वास्तव आणि नियम यांची फारकत होते. हात मोकळे ठेवण्याचा नियम तेथे शक्य आहे, जेथे माल दोरखंडाने वा यंत्राने वर जातो. विदर्भातील लहान बांधकामावर माल बव्हंशी माणसाच्या, आणि विशेषतः रेजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मजूर स्त्रीच्या डोक्यावरून जातो. एक हात घमेल्याला, दुसरा शिडीला, पायांत साडी आणि चप्पल. तिच्यासाठी शिडी हे मुळातच चुकीचे साधन होय. तिला हवा तो कठडा असलेला, रुंद पायऱ्यांचा, मध्ये विसाव्याचा टप्पा असलेला तात्पुरता जिना. पोलादी नळ्यांच्या परांचीत असा सुटा, हलवता येण्याजोगा जिना बसवता येतो. नळ्यांच्या परांचीविषयीचे भारतीय मानक १९६७ पासून आहे, तेव्हा साधन नवे नाही. तरीही लहान कामांवर बल्लीची शिडीच टिकून राहिली, कारण तिचा खर्च ठेकेदाराच्या हिशेबात दिसतो आणि रेजाच्या पडण्याचा खर्च दिसत नाही.

बल्ली वा बांबू हे साहित्य सदोष आहे, असे म्हणण्याचा हेतू नाही. बांबूची परांची आशियात मोठ्या उंचीपर्यंत कौशल्याने बांधली गेली आहे. प्रश्न साहित्याचा नसून तपासणीचा आहे : बांध कोणी आवळला, पावसानंतर तो कोणी पाहिला, आणि 'आज चढू नका' असे म्हणण्याचा अधिकार कोणाला होता?

कल्याण आणि सुरक्षा

१९९६ च्या कायद्यासमवेत उपकराचा कायदाही झाला, आणि पुढील काळात चर्चेचे केंद्र उपकर, नोंदणी व लाभ यांकडे सरकले. जमा झालेला उपकर कामगारांपर्यंत पोहोचत नाही, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निर्णयात तीव्र नापसंती व्यक्त केली. महाराष्ट्रात मंडळाकडून नोंदीत कामगारांना सुरक्षा संच देण्यात आले. या उपाययोजनांचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि हेल्मेट ही एका व्यक्तीची वस्तू आहे; शिडी ही कामाच्या जागेची वस्तू आहे. हेल्मेट दिल्याने पडण्याचा परिणाम सौम्य होऊ शकतो, पडणे टळत नाही. पडणे टाळण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची होती; ती हळूहळू मजुराच्या पेटीत सरकली, हे या इतिहासातील सूक्ष्म परंतु दूरगामी स्थित्यंतर होय.

१९९६ चा कायदा दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी यांचे बंधन पाचशे कामगारांपासून पुढे. हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन करण्यात आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात बांधकामावरील सुरक्षा अधिकाऱ्यासाठी मर्यादा अडीचशे कामगारांवर आली. दहाची मर्यादा मात्र राहिली. पाच-सात माणसांच्या गटाने उभे राहणारे घर त्यामुळे अजूनही चौकटीच्या कडेलाच आहे. १९२३ मध्ये इमारतीची उंची मोजली गेली, १९९६ मध्ये माणसांची संख्या. पडणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही मोजमापे सारखीच अप्रस्तुत ठरतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, भंडारा जिल्ह्यात शिडीच्या सुरक्षेचे ज्ञान आणि नियम खाणीच्या रूपाने फार पूर्वी पोहोचले होते. ते तुमसरच्या खाणीतून भंडाऱ्याच्या बाजारपेठेतील बांधकामापर्यंत येण्यास अनेक दशके लागली. दुसरी, हा विलंब तांत्रिक अज्ञानाचा नसून जबाबदारी कोणावर निश्चित करावयाची या प्रश्नाचा होता. तिसरी, नियमांनी गृहीत धरलेला कामगार मोकळ्या हातांचा होता, तर प्रत्यक्ष कामगार बहुतेकदा डोक्यावर ओझे घेतलेली स्त्री होती.

या विषयाचा अध्यापकवर्गाशी असलेला संबंध दूरचा नाही. आपल्या महाविद्यालयांत वर्गखोल्या, वसतिगृहे, ग्रंथालये यांची बांधकामे होत असतात, आणि तेथे आपली संस्था ही काम देणारी असते. इमारत समितीच्या बैठकीत आपण आराखडा, अंदाजपत्रक व पूर्णत्वाचा दाखला तपासतो. अंदाजपत्रकात तात्पुरत्या जिन्यासाठी स्वतंत्र बाब आहे काय, आणि तो रोज तपासणाऱ्या व्यक्तीचे नाव कोठे लिहिले आहे काय, हे दोन प्रश्न त्याच बैठकीत विचारता येतील. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.