खांदेरीची बत्ती आणि महाडची जलवाट

सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटपाशी सागराला मिळते. आज महाड म्हटले की महामार्ग आणि रायगडाचा पायथा डोळ्यांपुढे येतो. पण हे गाव एके काळी बंदर होते आणि भरतीच्या पाण्यावर गलबते येथवर येत, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे. दासगावहून खाडीच्या मुखापर्यंत लाँच आणि पुढे आगबोट, ही महाडकरांची मुंबईची वाट होती. 24 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रह परिषदेसाठी निघाले तेही ‘पद्मावती’ बोटीने. दुसऱ्या दिवशी दासगावला उतरून ते पायी महाडला गेले. या जलवाटेवर, मुंबई बंदराच्या दक्षिण दाराशी, खांदेरीचे दीपगृह उभे आहे. तेव्हा डोंगरातल्या माणसाने त्याची चौकशी करणे मुळीच अस्थानी नाही.

खांदेरीचा रायगडाशी संबंध तर त्याहून जुना. मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांवर नजर ठेवता यावी म्हणून शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये थळसमोरचे हे ओसाड बेट निवडले. मायनाक भंडारी माणसे आणि तोफा घेऊन उतरला आणि तटबंदी उठू लागली. 18 ऑक्टोबर 1679 च्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ गलबत मराठ्यांच्या हाती पडले. तरी ‘रिव्हेंज’ने मराठी आरमाराला पिटाळले, हेही सांगितले पाहिजे. बांधकाम मात्र थांबले नाही. पुढे सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. कान्होजी आंग्रे यांच्या काळात, 1718 मध्ये, मुंबईचा गव्हर्नर बून याची खांदेरीवरील स्वारी फसली. 1818 मध्ये बेट अखेर इंग्रजांकडे गेले.

ज्या बेटाने मुंबईची वाट रोखली, त्यानेच ती दाखवावी, असे इंग्रजांनी ठरवले. यात काव्य वगैरे काही नाही. जागा मोक्याची होती, इतकेच. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईचा कापसाचा व्यापार फुगला होता, सुएझचा कालवा दोन वर्षांवर आला होता. 1867 मध्ये किल्ल्याच्या आतच सुमारे 25 मीटर उंचीचा अष्टकोनी मनोरा उभा राहिला. मुंबईच्या तोंडाशी असलेले प्रॉंग्जचे दीपगृह त्यानंतरचे, 1875 चे.

दीपगृहरक्षक काय करीत असे? ‘दिवा लावीत असे’ हे उत्तर फार अपुरे आहे. त्या काळच्या दीपगृहांत तेलाच्या ज्योतीभोवती लोलकांचे भलेमोठे भिंग असे. ते फिरते असेल तर वजनाच्या जोरावर चालणारे, घड्याळासारखे यंत्र त्याला फिरवी, आणि वजन खाली आले की किल्ली देऊन पुन्हा वर चढवावे लागे. ठराविक अंतराने येणारा झोत हीच बत्तीची ओळख असल्याने यंत्र मंदावले तर खलाशी तिला भलतीच बत्ती समजण्याचा धोका. म्हणून रात्रीचे पहारे वाटून घेतलेले. सकाळी काजळी पुसायची, भिंग लख्ख करायचे आणि पडदे ओढायचे. कारण रात्री प्रकाश दूर फेकणारे तेच भिंग दिवसा ऊन गोळा करून आग लावू शके. पावसाळ्यात होड्या बंद पडत. धान्य, तेल, औषध यांची बेगमी आधीच करावी लागे. पुढे वीज आली, यंत्रे बदलली, आणि ही सारी मेहनत कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

बत्तीच्या मर्यादाही होत्या. 17 जुलै 1947 च्या सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. भरदिवसाच्या त्या तुफानात कोणता दिवा कामी येणार?

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून नोंदवले. त्यांत महाडकरांचा रायगड आहे, पोलादपूरच्या माथ्यावरचा प्रतापगड आहे आणि खांदेरीही आहे. नोंद लष्करी वारशाची असल्यामुळे किल्ल्यातला मनोरा तिथे उपराच ठरतो. पण हिशेब करून पाहावा: शिबंदी खांदेरीवर 1679 ते 1818, म्हणजे 139 वर्षे राहिली, बत्तीला दीडशेहून अधिक वर्षे झाली आहेत. मायनाक भंडाऱ्याचे नाव तरी इतिहासाने राखले. किल्ली देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्या ग्रंथांत सहसा आढळत नाही.