दप्तर

नालासोपाऱ्याला सकाळी शाळेच्या रिक्षा भरून जातात. मुलांपेक्षा दप्तरंच जास्त दिसतात. त्या दप्तराचं कूळ मात्र कातड्याचं आहे.

ग्रीक भाषेत ‘डिफ्थेरा’ म्हणजे कातडं. आयोनियन ग्रीक पपायरसलाही कातडंच म्हणत, कारण पूर्वी ते कातड्यावर लिहीत, असं हिरॉडोटसने नोंदवलंय. घशात पडदा धरणाऱ्या घटसर्पाला डिफ्थेरिया म्हणतात, तेही याच शब्दावरून. पश्चिम आशियातून फिरत तो अरबी-फारसीत ‘दफ्तर’ झाला: आधी वही, मग वह्यांची जागा, मग कचेरी. मराठीत तो कारभाराबरोबर आला, ‘दप्तर’ झाला आणि शेवटी पोरांच्या पाठीवर बसला.

पेशवे दप्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभारातले, कागद रुमालात बांधलेले. रुमालाला गाठ बसली की आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. त्यात मोडी पत्रांवर बहुधा चंद्राची तिथी आणि महिना असतो, वर्ष नसतंच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला? दोनशे वर्षांनी येणारा वाचक त्यांच्या हिशेबात नव्हता. तो हिशेब धरला इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसायांनी. 1930 ते 1934 या काळात त्यांनी हजारो रुमालांतून निवडून 45 खंड छापले. कागद विषयवार लावले, प्रत्येकाला क्रमांक दिला, तारीख ठरवली आणि माथ्यावर थोडक्यात सारांश घातला. वसईच्या मोहिमेला स्वतंत्र खंड मिळाला. चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वेढ्याची पत्रं आज सापडतात ती या लावणीमुळे. माझ्या मते निवडीइतकंच मोल त्या माथ्यावरच्या चार ओळींचं आहे.

याच वेढ्याची दुसरी, पोर्तुगिजांची, बाजू गोव्यात. तिथलं पोर्तुगीज दप्तर 1595 मध्ये दियोगु दु कौतु याच्या हाती सोपवलं गेलं. लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार तिथे ‘मान्सून’च्या ग्रंथांत बांधला आहे, कारण टपाल गलबतांच्या हंगामाबरोबर ये-जा करी. वाऱ्यावर लावलेलं दप्तर! ते ठाऊक नसलेल्या अभ्यासकाने कुठून सुरुवात करायची? पांडुरंग पिसुर्लेकरांनी 1955 मध्ये या दप्तरांची मार्गदर्शिका छापली, तेव्हा ती वाट मोकळी झाली.

तरी वसई शोधणाऱ्याची एक अडचण उरतेच. पोर्तुगिजांनी 1534 मध्ये घेतलेलं गाव त्यांच्या कागदांत ‘बसाईं’ आहे. इंग्रजांचं ‘बेसिन’. जिंकल्यावर मराठ्यांनी दिलेलं नाव बाजीपूर. वसईचा 1802 चा तह इंग्रजीत शोधायचा तर ‘वसई’ लिहून हाती फारसं काही लागणार नाही. शेजारचा सोपारा जुन्या लेखांत शूर्पारक होतो. शिवाय वसई आता ज्यात आहे तो पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, म्हणजे त्याआधीचे सरकारी कागद ठाण्याच्या नावावर.

गावाच्या इतिहासाची टिपणं मी संगणकावर लावतो. प्रत्येक टिपणाच्या माथ्यावर आधी तारीख, मग दोन ओळींचा सार, आणि त्याखाली ही सगळी नावं लिहितो: वसई, बसाईं, बेसिन, बाजीपूर. शोधणारा यातलं कुठलं नाव घेऊन येईल, ते मला ठाऊक नसतं.