कुबट वास आणि केनेडी रोडच्या गाड्या

जून उजाडला की ब्रॅम्पटनच्या कुठल्याही पार्किंग लॉटमध्ये एक दृश्य हमखास दिसतं. दहा-बारा वर्षांची गाडी सुरू होते, एसीचं बटण दाबलं जातं आणि दुसऱ्याच मिनिटाला चारही काचा खाली येतात. बाहेर ह्युमिडेक्स चाळिशीला टेकलेला असतो, तरीही माणसं काचा उघड्या टाकून जातात. कारण आतला वास सहन होत नाही.

या वासाला इंग्रजीत एकदोन शब्द आहेत. आपल्याकडे वासांची एक अख्खी बाराखडी आहे. कुबट, आंबूस, करपट, मातकट, ओशट, उग्र. गॅरेजमध्ये गेल्यावर आपण नुसतं ‘स्मेल येतो’ म्हणतो आणि ही सगळी श्रीमंती दाराबाहेर ठेवतो. खरं तर निदान तिथेच असतं. पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीसारखा कुबट किंवा घामट मोज्यांसारखा आंबूस वास असेल तर बुरशी आणि जिवाणू. गोडसर, काकवीसारखा वास आणि सोबत काचेवर चिकट धुकं असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय, तो आजार वेगळा. जळकट असेल तर वायर किंवा पट्टा. आणि एक्झॉस्टचा धूर आत येत असेल, डोकं जड होत असेल, तर गाडी तिथेच थांबवायची. एसीची चौकशी नंतर. आजचा विषय फक्त पहिल्या वासाचा, कुबट वासाचा.

हा वास मुळात पाण्याचा आहे. त्याची गोष्ट १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू होते. तिथल्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगीत छपाईचे रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरला सांगितलं गेलं की हवेतला दमटपणा आवर. माणसांना गार वाटावं, हा हेतूच नव्हता. हवा थंड नळ्यांवरून फिरवायची, तिच्यातलं पाणी नळ्यांवर जमू द्यायचं आणि कोरडी हवा पुढे सोडायची. म्हणजे एसी हे आधी हवा पिळून काढणारं यंत्र आहे, गारवा त्याच्या मागून येतो. पिळलेलं पाणी कुठे जातं, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत त्याला चिकटलेला आहे.

गाडीत हे यंत्र पहिल्यांदा बसवलं पॅकार्ड कंपनीनं. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांनी पाहिली आणि १९४० च्या मॉडेलमध्ये ती विकायला आली. एसीची जादा किंमत २७४ डॉलर, जे त्या काळी थोडेथोडके नव्हते. थंड करणारा भाग, ज्याला इव्हॅपोरेटर म्हणतात, तो डिकीत ठेवलेला असे आणि डिकीची बरीच जागा तोच खाई. सगळ्यात गंमत म्हणजे कॉम्प्रेसर बंद करायची सोयच नव्हती. गारवा नको असेल तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा हातानं काढून ठेवा. थोड्याच वर्षांत पॅकार्डनं हा नाद सोडला, यात नवल नाही.

यापुढची गोष्ट मात्र आपल्या गावाकडे वळते. विस्कॉन्सिनमध्ये मिशिगन सरोवराच्या काठावर केनोशा नावाचं शहर आहे. तिथे नॅश मोटर्सचा कारखाना होता. १९३७ मध्ये नॅश आणि केल्व्हिनेटर एकत्र झाल्या. हो, तीच केल्व्हिनेटर, जिचा फ्रिज आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी स्वयंपाकघरात नाही तर थेट हॉलमध्ये मानानं उभा असायचा. गाडीवाले आणि फ्रिजवाले एका छपराखाली आले आणि त्यांनी आधी हात घातला तो थंडीला. केनोशाची थंडी आपल्यासारखीच. १९३८ मध्ये नॅशनं असा हीटर आणला, जो बाहेरची ताजी हवा आत ओढून, गाळून, गरम करून देत असे. त्याआधीचे हीटर आतलीच हवा फिरवायचे आणि काचा धुक्यानं भरायच्या. पुढे या व्यवस्थेला ‘वेदर आय’ असं नाव मिळालं. १९५४ मध्ये त्याच हीटरच्या घरात त्यांनी एसीही बसवला. डिकीतून तो समोर आला, डॅशबोर्डच्या मागे. हीटर आणि एसी एकाच पेटीत, एकाच पंख्यावर. किंमत ३४५ डॉलर. आज तुमच्या-माझ्या गाडीत जी रचना आहे, ती थोड्याफार फरकानं हीच.

आणि वासाचं मूळही हेच. डिकीतलं पाणी डिकीत राहिलं असतं. इव्हॅपोरेटर डॅशबोर्डमागे, प्रवाशाच्या पायांच्या वरच्या अंधाऱ्या पेटीत आला, तेव्हा ओल आपल्या नाकाच्या वाटेवर आली. सोय अप्रतिम झाली, यात वाद नाही. पण त्या पेटीत हात घालून पुसायची सोय मात्र कुणी ठेवली नाही.

त्याच वर्षी नॅश आणि हडसन मिळून अमेरिकन मोटर्स झाली. या कंपनीनं १९६० च्या सुमारास ब्रॅम्पटनमध्ये केनेडी रोडवर कारखाना उभारला आणि १९६१ पासून तिथून रॅम्बलर गाड्या बाहेर पडू लागल्या. ब्रॅम्पटन तेव्हा फुलांचं गाव म्हणून ओळखलं जाई, डेल कुटुंबाच्या काचघरांतले गुलाब दूरदूर जात. गुलाबांच्या गावात गाड्या आल्या. १९६८ मध्ये अमेरिकन मोटर्सनं आपल्या अँबॅसेडर मॉडेलमध्ये (आपली हिंदुस्थान मोटर्सची नव्हे, तिच्याशी फक्त नावाची जुळणी) एसी जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. तोवर हा थाट अगदी मोजक्या श्रीमंती गाड्यांचा होता. १९८६ मध्ये कंपनीनं ब्रॅमलीत नवा कारखाना काढला, पुढच्याच वर्षी क्रायस्लरनं सगळी कंपनीच विकत घेतली आणि १९९२ मध्ये केनेडी रोडचा जुना कारखाना बंद झाला. ब्रॅमलीतून मात्र इंट्रेपिड, काँकॉर्ड, पुढे ३००, चार्जर, चॅलेंजर अशा गाड्या निघत राहिल्या, डिसेंबर २०२३ पर्यंत. त्यानंतर तिथे नवी गाडी निघालेली नाही. आज आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या जुन्या चार्जर याच गावच्या लेकी आहेत.

क्रायस्लरचं आपल्याशीही जुनं नातं आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती क्रायस्लरशी करार करून, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या गेल्या. फियाट नंतर आली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीला पुढच्या दारांत त्रिकोणी काच असे. ती फिरवून तिरकी केली की वारा थेट छातीवर. एसीचा कुबट वास तिथे नव्हता, कारण एसीच नव्हता. सीटच्या रेक्झिनला येणारा जुलैचा वास होता, पण तो वाऱ्यानं जाई. म्हणून आपल्या पिढीला गाडीच्या ओलीची सवय आहे, बंद पेटीतल्या ओलीची नाही.

कॅनडात या ओलीला दोन हंगाम मिळतात. उन्हाळ्यात ओंटारियो सरोवराची दमट हवा. हिवाळ्यात बुटांवरचा बर्फ वितळून गालिच्यात मुरतो. शिवाय पुढच्या काचेवरचं धुकं घालवायला डीफ्रॉस्ट लावला की बऱ्याच गाड्यांत एसी आपोआप सुरू होतो, कारण काचेला कोरडी हवा लागते. कडाक्याच्या थंडीत कॉम्प्रेसर चालत नाही, पण नोव्हेंबर आणि मार्चमध्ये तो निमूट चालू असतो. वर मेपलची पानं. काचेच्या तळाशी, वायपरच्या खाली जी जाळी असते, तिथून ती आत शिरतात, कुजतात, आणि ओलीला खायला मिळतं.

आता उपायांकडे येऊ, कारण खरा खर्च इथे होतो. नव्यानं आलेली कितीतरी कुटुंबं जुनी गाडी घेतात, ब्रॅम्पटनचा विम्याचा हप्ता आधीच कंबर मोडतो, आणि गॅरेजमध्ये कुणी ‘इव्हॅपोरेटर बदलावा लागेल’ म्हणालं तर अख्खा डॅशबोर्ड उतरवण्याची मजुरी पडते. गळती नसेल, गारवा नीट येत असेल, तर निव्वळ वासासाठी हा खर्च क्वचितच लागतो. आधी केबिन फिल्टर बघा. तो बहुधा ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, बऱ्याच गाड्यांत दहा मिनिटांचं काम. १९९० च्या दशकात हे फिल्टर हळूहळू रुळले, त्यामुळे त्याआधीच्या आणि काही नंतरच्याही गाड्यांत तो नसतोच. नॅशनं १९३८ मध्ये हवा गाळली होती, आणि बाकीच्यांना ते सुचायला अर्धं शतक लागलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. फिल्टर काळा, ओला किंवा पानांनी भरलेला निघाला तर बदला. धुऊन परत घालू नका.

मग जाळीतली पानं काढा. नंतर इव्हॅपोरेटरसाठीच बनवलेला फेसाचा क्लीनर, गाडीच्या पुस्तकात किंवा डब्यावर सांगितल्याप्रमाणे. तो बहुतेक वेळा पाण्याच्या निचऱ्याच्या नळीतून आत सोडतात, इंजिन बंद ठेवून. फेस विरघळून मळ घेऊन खाली येतो. मग काचा उघडून, हीटर पूर्ण गरम करून पंखा दहा-पंधरा मिनिटं जोरात. ब्लीच नको, अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि वाफ फुप्फुसात जाते. ओझोनची यंत्रं भाड्यानं मिळतात, पण माणसांच्या जागेत ती वापरू नका असं हेल्थ कॅनडाच सांगतं. कापूर, उदबत्ती, लिंबाच्या वासाची झाडं आरशाला टांगणं, हे सगळं वासावर वास. घरात दम्याचं मूल असेल तर त्याला दोन्हींचा त्रास.

आणि सवय. घर यायला तीन-चार मिनिटं उरली की एसी बंद करायचा, पंखा चालू ठेवायचा, आतल्या हवेचं बटण काढून बाहेरची हवा घ्यायची. थंड पेटी कोरडी होते. हल्लीच्या काही गाड्या बंद केल्यावर आपणहून थोडा वेळ पंखा फिरवतात, ते याचसाठी. आपल्या जुन्या गाडीत तो पंखा आपला अंगठा.

एक गोष्ट आजच तपासता येईल. दमट दिवशी वीस मिनिटं एसी चालवून गाडी उभी करा आणि खाली वाकून बघा. प्रवाशाच्या बाजूला पुढे पाण्याचे थेंब पडत असतील तर निचरा ठीक आहे. जमीन कोरडी असेल तर पाणी कुठेतरी आत साठतंय. मग प्रवाशाच्या पायाखालची मॅट उचला आणि गालिच्यावर तळहात दाबून ठेवा. तो ओला लागला तर आधी निचऱ्याची नळी मोकळी करायची, क्लीनरचा डबा नंतर.