कोशातले शेजारी

इंग्रजी-मराठी कोशात ‘कर्नल’ आणि ‘कॉलनी’ हे शब्द बहुधा एकाच पानावर भेटतात. दोघांच्या स्पेलिंगची पहिली पाच अक्षरे एकच, उच्चार मात्र निराळे. कारण पहिल्याचे लेखन इटालियन वळणाचे राहिले आणि त्याचा उच्चार फ्रेंच रूपावरून रुळला. शेजारच्या शब्दांतला हा फरक मराठी मुलाला कळावा म्हणून कोशकार उच्चार वेगळा छापतो. त्या छोट्याशा सोयीपर्यंतची वाट लांबची आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा सोलापुरात आहे.

आपले जुने कोश अकारविल्हे नव्हतेच. अमरकोश विषयांच्या वर्गांनी रचलेला आणि मुखोद्गत करायचा ग्रंथ. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेला राजव्यवहारकोशही विषयवारच आहे. शब्द अक्षराच्या जागेवरून हुडकायचा, ही सवय इंग्रजांनाही शिकावी लागली होती. 1604 मध्ये रॉबर्ट कॉड्रे याने सुमारे अडीच हजार अवघड शब्दांचा कोश काढला, तेव्हा वर्णक्रम नीट पाठ करा, असे वाचकाला प्रस्तावनेत बजावावे लागले. मराठी शब्द इंग्रजी अर्थांसह मांडणारा विल्यम कॅरीचा कोश 1810 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला. त्याला साहाय्य वैजनाथ पंडितांचे होते आणि त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत होते.

आता आपण 1818 च्या सोलापुरात येऊ. मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने भुईकोट किल्ला घेतला आणि पेशवाईचा अंमल सरला. त्याच वर्षी सोलापुरात असलेला तेवीस वर्षांचा लष्करी अधिकारी जेम्स टॉमस मोल्सवर्थ मराठी शब्द टिपू लागला. नव्या मुलुखाचा कारभार हाकायचा तर रयतेची बोली कळायला हवी, ही गरज उघडच होती. पण नुसत्या गरजेपोटी कोणी आयुष्यातली इतकी वर्षे शब्दांना देत नाही. सरकारने 1824 मध्ये त्याचा कोशाचा प्रस्ताव नाकारला, पुढच्या वर्षी स्वीकारला. शास्त्रीमंडळींना हाताशी घेऊन, जॉर्ज आणि टॉमस कँडी या जुळ्या भावांच्या मदतीने त्याने मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये पुरा केला. उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोशही त्याने हाती घेतला. प्रकृतीमुळे 1836 मध्ये त्याला मायदेशी परतावे लागले, तेव्हा टॉमस कँडीने ते काम तडीस नेले आणि 1847 मध्ये तो कोश निघाला. पुढे मोल्सवर्थ पुन्हा आला आणि 1857 मध्ये सुमारे साठ हजार शब्दांची मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती त्याने दिली. शब्दांवर चर्चा करणाऱ्या शास्त्र्यांची आठवण आज फार थोड्यांना आहे, याची मला खंत वाटते. त्यांच्यावाचून हे ग्रंथ उभे राहिले नसते.

मात्र 1847 च्या कोशात इंग्रजी उच्चार दिलेले नाहीत. ज्याची मातृभाषाच इंग्रजी, त्याला उच्चार सांगायचा कशाला? कोश कोणासाठी रचला आहे, हे उच्चार दिले आहेत की नाहीत यावरून ओळखता येते. त्याच शतकात इंग्रजी शाळा वाढल्या आणि कोश मराठी मुलांच्या हाती आले. खरा पालट नीळकंठ बाबाजी रानडे यांच्या कोशाने झाला. 1903 ते 1916 या काळात तयार झालेल्या या कोशाचे नावच ‘विसाव्या शतकाचा’ असे होते, आणि उच्चार व व्युत्पत्ती ही त्याची वैशिष्ट्ये शीर्षकातच नोंदवलेली होती. माझ्या मते इंग्रजी-मराठी कोश खऱ्या अर्थाने मराठी माणसाचा झाला तो इथे.

पुढे विद्यार्थ्यांच्या कोशांतून उच्चार देवनागरीत छापले जाऊ लागले. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतले स्वर आपल्या परंपरागत वर्णमालेत नव्हते. अर्धचंद्राने ती उणीव भरून काढली, आणि 6 नोव्हेंबर 2009 च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत अधिकृत जागा मिळाली. संगणकाच्या युनिकोडमध्ये ॲ एक वर्ष आधी, 2008 मध्ये आला होता.

आज मोबाइल शब्द उच्चारून दाखवतो, त्यामुळे घरोघरचे जुने कोश रद्दीत निघत आहेत. सोलापूरकरांना माझी विनंती आहे : आजोबांच्या कपाटात पुठ्ठा निखळलेला एखादा कोश असेल तर तो विकू नका, जवळच्या वाचनालयात नेऊन द्या.